खुडूक कोंबडी रवणाला बसवताना : उन्हाळ्याआधीची शेवटची चांगली खेप



आजचा सल्ला पिकावरचा नाही, परसातल्या कोंबडीवरचा आहे. ज्या घरची माणसं ऊसतोडीला गेली आहेत, तिथं कोंबड्या आजीच्या ताब्यात असतात. त्यामुळं हा मेसेज आजीला वाचून दाखवा. यातलं अर्धं त्यांना माहीत असेल, उरलेल्या अर्ध्यावर त्या वाद घालतील. घालू द्या.

नेहमीची तक्रार अशी असते: "बारा अंडी ठेवली, तीनच पिल्लं निघाली. कोंबडीच खराब निघाली." बहुतेक वेळा कोंबडी खराब नसते. अंडी तिच्याखाली जायच्या आधीच खराब झालेली असतात. नाहीतर बसल्यावर तिला वेळेवर दाणा-पाणी मिळत नाही आणि रात्री पिसवा-गोचिडं तिला बसू देत नाहीत. आपण बियाण्याची उगवण तपासतो, पेरणीची वेळ बघतो, मग अंड्याचं तसं का नको?

*आत्ताच का?*
पिल्लू 21 दिवसांनी निघतं. 10 फेब्रुवारीच्या रात्री कोंबडी बसवली तर 3 मार्चच्या आसपास पिल्लं बाहेर येतात आणि एप्रिलअखेर ती दोन महिन्यांची होतात. म्हणजे पारा 40 च्या वर जाईपर्यंत त्यांच्या अंगावर पिसं आलेली असतात, सावली-पाणी त्यांचं ती शोधतात. तीच कोंबडी एप्रिलमध्ये बसवली तर पिल्लं मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये निघतील. आष्टी, पाटोदा, शिरूरकडच्या लोकांना मे महिन्यातला पत्रा काय असतो ते सांगायला नको.

कारखान्यावर कोपीत असलेल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. सोबत कोंबडी नेली असेल आणि ती खुडूक झाली, तर आधी मुकादमाला विचारा की पुढचे तीन आठवडे टोळी त्याच जागी आहे का. मुक्काम हलणार असेल तर बसवू नका. बैलगाडीत, ट्रॅक्टरमध्ये धक्के बसले की अंड्यातला जीव टिकत नाही. पहिल्या आठवड्यात तर नाहीच.

*अंडी कोणती ठेवायची?*
जास्तीचं नुकसान इथंच होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

गावरान कोंबडी रोज अंडं देत नाही. एकाच कोंबडीची बारा अंडी साठवायला दोन आठवडे सहज जातात. म्हणजे रवण घालताना पहिलं अंडं पंधरा दिवसांचं झालेलं असतं. सात दिवसांच्या वर अंडं गेलं की पिल्लू निघायची शक्यता दिवसागणिक कमी होत जाते. त्यापेक्षा दोन-तीन कोंबड्यांची, किंवा शेजारच्या काकूंकडची, गेल्या आठवड्यातली ताजी अंडी गोळा करा. जुनी अंडी घरात खाऊन टाका. प्रत्येक अंड्यावर कोळशानं किंवा पेन्सिलीनं तारीख लिहा. पेन वापरू नका, शाई कवचातून आत जाते.

उन्हाचं गणित आणखी कडक आहे. साधारण 24 ते 27 अंशांच्या वर अंडं ठेवलं की आतला जीव कोंबडी नसतानाही अर्धवट वाढायला लागतो आणि पुरेशी ऊब न मिळाल्यानं मरतो. बाहेरून काही कळत नाही. म्हणून पत्र्याखालच्या फडताळात, चुलीजवळ किंवा खिडकीत अंडी साठवू नका. घरातली सगळ्यात थंड जागा म्हणजे पाण्याच्या माठाजवळचा कोपरा. तिथं टोपलीत अंडी ठेवा, निमुळतं टोक खाली करून. फ्रीज चालत नाही, तो फार थंड असतो. मार्चचा मध्य उलटला की सात दिवस विसरा, तीन-चार दिवसांचीच अंडी घ्या.

तडा गेलेलं, फार मोठं, फार लहान, खरबरीत कवचाचं अंडं नको. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्यानं हलकं पुसा, पण धुऊ नका. कवचाला बारीक छिद्रं असतात आणि त्यावर एक नैसर्गिक थर असतो. धुतलं की तो जातो आणि जंतूंना वाट मोकळी होते. दुकानातली पांढरी अंडी ठेवून पाहणारेही भेटतात. त्या फार्मवर कोंबडाच नसतो, पिल्लू येणार कुठून? आपल्याही घरी आठ-दहा कोंबड्यांमागं एक तरतरीत कोंबडा हवाच.

टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी निघते, असं बरेच जण मानतात. तसं काही नसतं. अंड्याचा आकार बघून नर-मादी ओळखता येत नाही.

गिरिराज, वनराज या सुधारित कोंबड्या क्वचितच खुडूक बसतात. त्यांची अंडी उबवायची तर गावरान कोंबडीच लागते. फक्त घरच्या गिरिराजाच्या पुढच्या पिढीत पहिल्यासारखं वजन आणि अंडी मिळतील असं धरून चालू नका. त्या संकर जाती आहेत.

*कोंबडी आणि जागा*
खुडूक कोंबडी ओळखणं सोपं आहे. ती घरट्यावरून उठत नाही, जवळ गेलं की पिसं फुलवून गुरगुरते, पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडते. तरी पहिल्या दिवशीच चांगली अंडी तिच्या हवाली करू नका. एक-दोन रात्री खायच्या दोन अंड्यांवर बसू द्या. ती टिकली तर रात्री अंधारात ही अंडी काढून खरी अंडी सगळी एकाच वेळी ठेवा. आज चार, परवा चार असं केलं तर पहिली पिल्लं निघाल्यावर कोंबडी उठते आणि मागची अंडी वाया जातात. मध्यम अंगाच्या कोंबडीला 10 ते 12 अंडी पुरे. सगळी तिच्या अंगाखाली झाकली गेली पाहिजेत.

बसवायच्या आधी तिला उलटी धरून पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं बाजूला करून बघा. उवा, पिसवा दिसल्या तर चाळलेली लाकडाची राख पिसांच्या मुळाशी चोळा, डोळे सांभाळून. गोचिडं अंगावर दिसणार नाहीत. ती दिवसा भिंतीच्या भेगांत आणि जुन्या टोपल्याच्या विणीत लपतात, रात्री येऊन रक्त पितात. कोंबडी अंडी सोडून उठते ती पुष्कळदा याच कारणानं. म्हणून मागच्या खेपेचं टोपलं तसंच वापरू नका. उकळतं पाणी ओतून कडक उन्हात वाळवा, भेगा मातीनं लिंपून घ्या. आणि कापसावर मारायचं औषध कोंबडीवर किंवा घरट्यात अजिबात मारायचं नाही. कवचाच्या छिद्रांतून ते आत जाऊ शकतं. त्रास जास्त असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध घ्या. फिरत्या पथकासाठी 1962 हा नंबर आहे.

टोपलं बांबूचं किंवा तुराट्यांचं घ्या. लोखंडी घमेलं नको, ते तापतं. तळाला चार बोटं ओलसर माती, वर भुसकट किंवा कडब्याचा बारीक पाला, मधे थोडा खोलगटपणा. आपली हवा कोरडी. त्या मातीच्या ओलीनं अंडी फार सुकत नाहीत आणि आतला पडदा चिवट होत नाही. जागा अंधारी, वर्दळ नसलेली आणि पत्र्यापासून लांब असावी. इतर कोंबड्या तिथं जाता कामा नयेत, नाहीतर त्या तिच्याच टोपल्यात अंडी घालतात. तारखेची खूण नसलेलं अंडं दिसलं की काढून घ्या.

*बसल्यावरचे 21 दिवस*
डिप्लोमाला असताना उबवणी यंत्राचे आकडे आम्ही पाठ केले होते: साडेसदतीस अंश तापमान, आर्द्रता इतकी, अंडी दिवसातून इतक्या वेळा फिरवायची. खुडूक कोंबडी हे सगळं न शिकवता करते. दिवसात कितीतरी वेळा ती चोचीनं अंडी उलटते, कडेची आत आणि आतली कडेला घेते. आपण त्यात हात घालायची गरज नाही. आपलं काम कोंबडी जगवायचं.

ती दिवसातून एकदाच उठते, पंधरा-वीस मिनिटांसाठी. तेवढ्यात खाणं, पाणी, विष्ठा आणि धुळीत लोळणं उरकते. म्हणून दाणा-पाणी टोपल्यापासून चार-पाच पावलांवर, रोज त्याच जागी ठेवा. ज्वारी, बाजरी, मका असं सुकं धान्य द्या. ओलं शिळं अन्न दिलं की पातळ विष्ठा होते आणि घरटं घाण होतं. जवळच राख आणि माती मिसळून एक ढीग करा, त्यात ती लोळते आणि उवाही कमी होतात. विष्ठा एकदम मोठी आणि फार वासाची दिसेल. दिवसभराची साठलेली असते, आजार नव्हे.

काही कोंबड्या उठतच नाहीत. चांगली आई म्हणून आपण कौतुक करतो आणि ती उपाशी झुरते. वजन सगळ्यांचंच घटतं, पण तुरा फिका पडून मान टाकलेली दिसली तर थांबू नका. दुपार टळल्यावर दोन्ही हातांनी अलगद उचलून दाण्याजवळ ठेवा. उचलताना पंखाखाली अंडं अडकलेलं नाही ना ते बघा, नाहीतर खाली पडून फुटतं.

7 व्या किंवा 8 व्या रात्री मोबाईलची टॉर्च घ्या. अंड्याच्या रुंद टोकाला लावा आणि बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे काळा ठिपका दिसला तर अंडं फळलं आहे. पूर्ण स्वच्छ, पिवळसर दिसलं तर फळलेलं नाही. नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर आतला जीव मेला. ही दोन्ही प्रकारची अंडी काढून टाका, कारण ती नासून फुटली तर बाकीचीही खराब होतात. 14 व्या रात्री पुन्हा एकदा बघा. एकाच रात्री दोन कोंबड्या बसवल्या असतील आणि दोन्हीकडं निम्मी अंडी निघाली, तर उरलेली सगळी एकीखाली घालून दुसरी मोकळी करता येते.

रवणात खिळा किंवा कोळसा ठेवायची पद्धत अनेक घरांत आहे, विजेच्या कडकडाटानं अंडी खराब होऊ नयेत म्हणून. ठेवायचा तर ठेवा, अपाय नाही. पण गडगडाटानं कोंबडी दचकून उठते, किंवा छप्पर गळून टोपलं भिजतं. तिकडं लक्ष जास्त द्या.

18 व्या दिवसानंतर अंड्यांना हात लावू नका. पिल्लू हलतंय का हे बघायला अंडी पाण्यात सोडायची सवय काही गावांत आहे, ती बंद करा. कवचाला बारीक चीर गेलेली असेल तर आतलं पिल्लू गुदमरतं. टोचा पडल्यावर पूर्ण बाहेर यायला पिल्लाला कित्येक तास लागतात. घाई करून कवच सोललं तर पडद्याच्या शिरांतून रक्त जातं. सगळी पिल्लं निघेपर्यंत पहिल्यांना खायला काय, ही काळजी नको. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर पिल्लू दोन दिवस आरामात राहतं.

*बसवायची नसेल तर*
अंडीच विकायची असतील आणि कोंबडी खुडूक झाली, तर तिच्या नाकात पीस खुपसणं किंवा तिला पाण्यात बुडवणं हे प्रकार करू नका. जमिनीपासून उंच, खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, भुसकट न घालता. दाणा-पाणी पोटभर द्या. पोटाखाली ऊब मिळाली नाही की खुडूकपणा उतरतो.

*पिल्लं निघाल्यावर*
पहिले तीन-चार आठवडे पिल्लं आईसोबत डालग्याखाली ठेवा. घार, कावळा, मांजर, मुंगूस सगळे टपलेले असतात. पाणी उथळ ताटलीत, त्यात खडे टाकून द्या, म्हणजे पिल्लू बुडत नाही. खायला ज्वारी-बाजरीची बारीक कणी आणि मिळालं तर पिल्लांचं खाद्य.

मानमोडीची पहिली लस, लासोटा, पिल्लू 5 ते 7 दिवसांचं असताना डोळ्यात किंवा नाकात एक थेंब द्यायची असते. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून जास्त डोस असतात आणि एकदा कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा पिल्लांसाठी कुणी बाटली आणत नाही, आणि मग मानमोडी आली की सगळंच जातं. म्हणून एका गावातल्या सगळ्यांनी शक्यतो एकाच रात्री, म्हणजे 10 फेब्रुवारीला, कोंबड्या बसवाव्यात. पिल्लं 3 मार्चच्या पुढंमागं निघतील आणि 9 मार्चला एकाच बाटलीत गावाचं काम होईल. बाटली बर्फाच्या थर्मासमध्ये आणायची व्यवस्था कंपनी करेल.

बसवणार असाल तर गावाचं नाव, कोंबड्या किती आणि अंडी किती एवढं 8 तारखेपर्यंत याच नंबरवर कळवा. आजींना टाईप करता येत नसेल तर व्हॉईस मेसेज चालेल.