लहान दीर्घिका, मोठ्या दीर्घिका

मुलांनो, दीर्घिका म्हणजे तारे, वायू आणि धूळ यांची प्रचंड वसाहत. आपली दीर्घिका म्हणजे आकाशगंगा. तिच्याभोवती अनेक खुज्या दीर्घिका फिरतात. त्यातली एक धनू राशीच्या दिशेला १९९४ साली सापडली. आकाशगंगा तिची जवळची बाजू जास्त ओढते, दूरची कमी. चंद्रामुळे मुंबईच्या समुद्राला भरती येते, ती अशाच कमीजास्त ओढीने. इथे मात्र दीर्घिकाच ताणली जाते आणि तिचे तारे आकाशगंगेत मिसळतात. थोडक्यात, मोठी लहानीला गिळते!

पण लहानी स्वतः कशी वाढते? (आम्हा इंजिनिअर मंडळींचा नेहमीचा प्रश्न : माल येतो कुठून?) पुण्याच्या आयुका संस्थेतील शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी २०२२ साली याचे एक उत्तर दिले. भारताने २०१५ साली सोडलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरील दुर्बिणीतून त्यांनी ११ खुज्या निळ्या दीर्घिका अतिनील प्रकाशात पाहिल्या. अगदी बाहेरच्या काठावर नवे तारे जन्मताना दिसले! बाहेरून आलेल्या वायूचे असे पुंजके हळूहळू आत सरकतात आणि दीर्घिका भरत जाते. त्या दीर्घिका दीड ते चार अब्ज प्रकाशवर्षे दूर आहेत. तो प्रकाश निघाला तेव्हा पृथ्वीवर डायनोसॉरही नव्हते.

गृहपाठ : नोव्हेंबरात आईबाबांबरोबर प्लेनोच्या दिव्यांपासून दूर जा आणि रात्री डोक्यावर देवयानी दीर्घिका शोधा. तिच्या दोन लहान सोबतिणींची नावे पुढच्या वर्गात सांगा.