फुललेल्या मोहोरावर औषध नको

देवगड, १९ जानेवारी

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडचा गडी काल आमच्या कलमांत कामाला आला. म्हणाला, दादा दर चार दिवसांनी फवारतात, भर दहा वाजता, पिंपात तीन-तीन औषधं घालून. रात्रभर डोळा लागला नाही माझा.

अरे, फुललेल्या मोहोरावर? सकाळी नऊ ते बारा माश्या-मधमाश्यांची वेळ. त्याच मेल्या तर भुरी जाऊनही कणी धरायची कशी? पहाटे धुई, दिवसा ऊन, असं झालं की भुरी येणारच. मोहोर पांढुरका दिसला की काळजात धस्स होतं, ठाऊक आहे मला. पण औषध द्यायचं ते बोंगे फुटताना, फूल उमलायच्या आधी. दहा लिटर पाण्याला ५ मिली हेक्झाकोनॅझोल, नाहीतर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक २० ग्रॅम, आणि तेही आलटूनपालटून. एकच मारत राहिलास की भुरी त्याला जुमानत नाही. गंधक कडक उन्हात तर नकोच, मोहोर होरपळतो. पानांवरची काळी खार तुडतुड्यांच्या चिकट्यावर वाढते. आधी तुडतुडे आवर. करपा वाळक्या काटक्यांत दडतो, त्या काढून जाळ. आणि आता मोहोर फुललाय ना, मग थांब. अगदीच हाताबाहेर जायला लागलं तर निदान माश्यांची वेळ तरी टाळ.

तोंडाला फडकंही बांधत नाहीस म्हणे. तुझे बाबा असेच फवारायचे. संध्याकाळी ओटीवर खोकत बसायचे आणि मी माहेरी आले की विचारायची काय, तर यंदा मोहोर कसा आहे. भावाला एकदा हटकलं असतं तर! अजून सलतं रे ते.

फार बोलले का? दर चार दिवसांनी पंप का काढतोस, ते कळतं मला. मार्चअखेरचा हप्ता डोळ्यांपुढे नाचतोय. पण दहा वाजता फवारून तो फिटायचा नाही. रविवारी जेवायला ये, वालाची उसळ करते. हप्त्याला काही कमी पडत असेल तर आधी मला सांग. वहिनीला कळायला नको, ती हाय खाईल.

तुझी,
आत्या