आधी रूळ

बडनेरा,
१८ एप्रिल

चि. सोनूस,


कॉलेजच्या प्रोजेक्टला तरंगती गाडी करणार, तीही माणूस बसेल अशी, हे तुझं पत्र मामीला वाचून दाखवलं. "पोट्टी बापावरच गेली," म्हणाली. मला आनंद झाला, धाकधूकही वाटली.

माणूस बसायचं यंदा राहू दे. तशी गाडी चीनमध्ये चेंगदूच्या विद्यापीठाने २००० साली केली. तिच्या तळाशी सुपरकंडक्टरच्या शेकडो वड्या होत्या. तुझ्याकडे बत्ताशाएवढी एक आहे. ती पुरे.

वडी इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडची आहे ना? १९८७ साली हा पदार्थ सापडला म्हणून आपल्यासारख्यांचं फावलं. त्याआधीच्यांना द्रवरूप हेलियमचे लाड लागत. ही उणे १८१ अंशांखाली गेली की कामाला लागते, आणि द्रवरूप नायट्रोजन असतो उणे १९६ ला. गुरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या बुडवलेल्या असतात तोच. पण तिथे मागायला जाऊ नकोस, त्यांचा साठा घटला तर कांड्या वाया जातात. कॉलेजचं पत्र घेऊन पुरवठादाराला गाठ.

खरं काम रुळाचं. वडी गार होताना तिच्यात जे चुंबकक्षेत्र शिरलेलं असतं, ते ती धरून बसते; त्यात बदल तिला खपत नाही. म्हणून चुंबकांच्या तीन रांगा लाव. मधल्या रांगेचा उत्तर ध्रुव वर, कडेच्या दोन्हींचा दक्षिण. रांगेत मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच ध्रुव वर हवा. मग वडी लांबीत सरसर धावते आणि बाजूला घसरत नाही.

मी पहिल्यांदा रूळ केला तेव्हा दोन चुंबक उलटे बसले होते. वडी तिथे आली की म्हशीसारखी अडायची. कॅनभर नायट्रोजन उडून गेला, दोष सापडेना. तुझे आजोबा बाजूला खुर्चीवर बसले होते. जन्मभर लायनीवर गँगमन, रुळाला डोळा लावून जॉइंट बघणारा माणूस. म्हणाले, "आंधी रूय पाह्य, मंग गाडी." होकायंत्र आणून रांगांवरून वीतभर उंचीने सरकवलं, तर दोन जागी सुई गर्रकन फिरली! सारखे ध्रुव शेजारी नांदत नाहीत, गोंद ओला असताना उसळून पलटी खातात. तेव्हा खाली लोखंडी पट्टी घे, एक चुंबक पक्का बसल्यावरच दुसरा लाव. बोटं सांभाळ, नियोडिमियम चुंबकांच्या चिमट्याने माझं नख काळंनिळं झालं होतं.

वडी गार करताना तिच्या आणि रुळाच्या मधे तीनचार मिलिमीटर पुठ्ठा ठेव, मग काढून घे. तेवढ्याच उंचीवर ती राहील. दारं-खिडक्या उघड्या ठेव आणि कॅनचं झाकण कधीही घट्ट आवळू नकोस. नायट्रोजनची वाफ झाली की जागा सुमारे सातशेपट लागते. याबाबतीत माझं ऐकावंच लागेल.

होकायंत्र माझ्याकडेच आहे. सुट्टीत येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
मामा

ता.क. काम झालं की वडी पुसून, हेअर ड्रायरने सुकवून डबीत ठेव. ओल लागली की ती निकामी होते.