सा, सम आणि सीईटी: मावशीचे कानमंत्र

ये गं, बस जरा. दहावीपर्यंत तुझं गाणं हौसेचं होतं. आता अकरावी, क्लास, सीईटी आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद, हे सगळं एकाच दिवसात बसवायचंय. या वयात गाणं सुटतं ते गळा नसतो म्हणून नाही. वेळ विस्कटते आणि वही हरवते म्हणून. तेव्हा चार गोष्टी कानात सांगते, त्या ऐक. मोठ्या नाहीत, पण रोजच्या आहेत.

१. सकाळचा पहिला अर्धा तास तंबोऱ्याला दे, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून – एकदा मेसेज बघायला घेतलेस की कॉलेजची वेळ होते. मोबाईल उशाशी, रियाज उपाशी.

२. तंबोऱ्याचं ॲप वापरायचं तर जुन्या फोनवर वापर, आणि तो फोन विमान मोडवर टाक – षड्ज लागत असताना मध्येच घंटी वाजली की पुन्हा बसायला वेळ लागतो.

३. खर्ज आधी, ताना मग. पहिली दहा मिनिटं मंद्र सप्तकात एकेक स्वर श्वास संपेपर्यंत धर – गळा तापल्याशिवाय घेतलेली तान गळ्यावरच येते. आधी सा, मग हवं ते गा.

४. पेटीचा आधार घे, पण सगळा भार तिच्यावर टाकू नकोस – तिच्या पट्ट्यांचे स्वर ठरलेले असतात. भैरवातला आंदोलित कोमल रिषभ तंबोऱ्यावरच सापडतो.

५. रागात पंचम आहे का, हे पाहून तंबोरा लाव. मालकंसाला पहिली तार मध्यमात, मारवा-पूरियाला निषादात – वर्ज्य स्वर पाठीमागे सतत वाजत राहिला तर राग उभाच राहत नाही.

६. मैत्रिणीची पट्टी काळी पाच म्हणून तूही काळी पाच धरू नकोस. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत जिथून गळा सहज फिरेल ती पट्टी तुझी – उसन्या पट्टीत तार सप्तक ओरडून गावं लागतं.

७. धाकट्या भावाचा आवाज फुटतोय ना? त्याला सांग, पट्टी खाली घे, हळू गा, तार सप्तकाचा हट्ट सध्या सोड – त्या काळात गळ्यावर जबरदस्ती केली की त्रास मागे लागतो, धीर धरला की आवाज आपोआप बसतो.

८. गॅदरिंगला, दांडियाला जरूर जा, मात्र किंचाळू नकोस. आवाज बसलाच तर दोन दिवस गप्प राहा, आणि कुजबुजूही नकोस – कुजबुजण्यानंही गळ्याला ताण पडतो.

९. हातावर ताल धरूनच बंदिश म्हण, अगदी पाठ झाली तरी – तबलजी समोर आले की शब्द आठवतात, मात्रा पळतात. टाळी चुकली, की बंदिश हुकली.

१०. विलंबित एकतालात तिरकिट चौथ्या आणि दहाव्या मात्रेवर येतं. दुसरं तिरकिट कानावर पडलं की मुखड्याच्या तयारीत राहा – सम शोधत बसायची वेळ येत नाही.

११. लयकारी आधी कागदावर सोडव. एकतालाची दुगुण एका आवर्तनात बसवायची तर सातव्या मात्रेपासून उचलायची, तिगुण नवव्या मात्रेपासून – गणित पक्कं असलं की तोंड अडखळत नाही.

१२. झपतालाची तिगुण मात्र नीट समजून घे. दहा मात्रांचे बोल सव्वातीन नव्हे, तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रांत बसतात. म्हणून सातव्या मात्रेचे पहिले दोन भाग मोकळे सोडून तिसऱ्या भागावर ‘धीं’ म्हणायचं – सातवीच्या सुरुवातीलाच उचललंस तर समेच्या आधीच संपून जाशील.

१३. सारख्या स्वरांचे राग शेजारीशेजारी बसवून गा. भूप आणि देशकार दोघांचे स्वर तेच पाच, पण भूपात गंधाराला मान आणि देशकारात धैवताला – नुसते आरोह-अवरोह पाठ केलेस तर परीक्षकांसमोर देशकार म्हणता म्हणता भूपात शिरशील.

१४. मारवा, पूरिया आणि सोहनी यांना एक पूर्ण आठवडा दे. मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत धर, पूरियात मंद्र-मध्य सप्तकात गंधार-निषादाभोवती राहा, सोहनीत तार षड्जाकडे चल – या तिघांतला फरक गळ्यात उतरला की बाकीच्या जोड्या सोप्या जातात.

१५. एक राग निदान तीन घराण्यांकडून ऐक, आणि डोळे मिटून ऐक. किशोरीताईंचा भूप ऐक, अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐक – पुस्तकातली वादी-संवादीची ओळ खरी कशी लागते ते तिथे कळतं.

१६. ऐकलेलं लगेच गाऊ नकोस. आधी बाईंनी दिलेलं पक्कं कर – निरनिराळ्या जागा एकत्र आल्या की तुझा आलाप कुठलाच राहत नाही.

१७. स्वरलिपीची वही एकच ठेव आणि पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिही, भातखंडे की पलुस्कर. स्वराच्या डोक्यावरचं टिंब भातखंडे पद्धतीत तार सप्तक दाखवतं, पलुस्कर पद्धतीत मंद्र – भातखंड्यांची समेची फुली आणि पलुस्करांची खालीची अधिक खूण घाईत सारखीच दिसते, आणि तिथे हक्काचे गुण जातात.

१८. क्लासमध्ये ध्वनिमुद्रण करायचं तर बाईंना आधी विचार, आणि त्याच रात्री बंदिश वहीत उतरव – फोनमध्ये साठलेलं ऐकायला कुणाला वेळ नसतो. वहीत उतरलं, तेच गळ्यात उरलं.

१९. बाईंची बंदिश आणि क्रमिक पुस्तकमालिकेतली बंदिश जुळली नाही तर घाबरू नकोस, खोडूही नकोस; दोन्ही लिहून ठेव आणि विचार – घराण्यागणिक पाठ बदलतो, त्यात कुणी चुकलेलं नसतं.

२०. शंका त्याच दिवशी विचार, कितीही साधी वाटली तरी. गुरूसमोर गप्प, परीक्षेत ठप्प – बाईंना तुझी शंका कळली की पुढचा पाठ त्या तिथूनच सुरू करतात.

२१. शास्त्राचा पेपर शेवटच्या आठवड्यावर टाकू नकोस. राग गायला की त्याच दिवशी त्याचा थाट, जाती, समय आणि जवळचे राग पाच ओळींत लिही – गाऊन लिहिलेलं लक्षात राहतं, रट्टा मारलेलं परीक्षेच्या दालनातच सांडतं.

२२. वर्षाच्या सुरुवातीला कॅलेंडर घेऊन बस. मंडळाच्या परीक्षा एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबर अशा दोन सत्रांत होतात, बारावीची बोर्डाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि सीईटीही उन्हाळ्यातच – फॉर्म भरण्याआधी तारखा मांडल्या की आईशी वाद होत नाही.

२३. बारावीच्या वर्षी परीक्षा पुढच्या सत्रावर ढकलावीशी वाटली तर खुशाल ढकल, रियाज मात्र बंद करू नकोस. वीस मिनिटं तरी सा धर – सहा महिने गळा बंद ठेवला की आधी होतं तिथे यायलाच पुढचे कितीतरी महिने जातात.

२४. दर महिन्याला घरच्यांसमोर एक राग पूर्ण गा, विलंबित, द्रुत, सगळं. आजी, काका, शेजारच्या काकू, जे येतील त्यांच्यासमोर – चार ओळखीच्या माणसांत धीर आला की परीक्षकांसमोर हात थरथरत नाही.

२५. मार्क कमी पडले तर दोन दिवस रुसून बस, तिसऱ्या दिवशी तंबोरा काढ. बाईंकडे गुणपत्रिका घेऊन जा आणि कुठे कमी पडलं ते विचार – प्रमाणपत्र कपाटात राहतं, सुधारलेला स्वर गळ्यात.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते गाणं साध्या घरांतल्या मुलामुलींपर्यंत पोचावं म्हणून. तू आज क्लासला जातेस, फॉर्म भरतेस, चुकतेस आणि पुन्हा गातेस, ती सोय त्यांच्यासारख्यांनी आपल्याला करून दिली आहे. म्हणून एवढंच मागते, बाळ: डॉक्टर हो, इंजिनिअर हो, शिक्षिका हो, जे व्हायचं ते हो. पण बारावीच्या धांदलीत गाणं सोडू नकोस. कमी गा, रोज गा, आणि अडलं की मावशीला फोन कर.