क्लबची मेंबरशिप घेण्याआधी

इंदुरात मेंबरशिप देणारे क्लब तीन प्रकारचे आहेत. पहिला सभासदांचा: इमारत, मैदान, शिल्लक सगळे संस्थेचे, आणि संस्था चालवणारी समिती सभासदांनी निवडलेली. दुसरा मालकाचा: एखादे हॉटेल, रिसॉर्ट किंवा कंपनी पैसे घेऊन ठरावीक वर्षे आपल्या सोयी वापरू देते. तिसरा टाउनशिपचा: बायपास किंवा सुपर कॉरिडॉरकडे प्लॉट वा फ्लॅट घेताना सोबत येणारा. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात. पोहण्याचा तलाव, जिम, बॅडमिंटन, वर रेस्टॉरंट. ज्यांचे पैसे अडकले किंवा मनस्ताप झाला अशांचे अनुभव ताडून पाहिले, तर बहुतेकांची गफलत एकाच ठिकाणी झालेली आढळते. आपण यांपैकी कुठल्या क्लबमध्ये शिरत आहोत हे त्यांनी विचारलेलेच नसते. पैसे कोणाकडे जातात, नियम कोण बदलतो, मत देता येते का आणि तक्रार कुठे करायची, या चारही प्रश्नांची उत्तरे त्या एका गोष्टीवरून ठरतात.

जुने क्लब कसे घडले

मुंबईत भायखळा क्लब 1833 चा, रॉयल बॉम्बे यॉट क्लब 1846 चा आणि बॉम्बे जिमखाना 1875 चा. हे गोऱ्या साहेबांचे क्लब होते. भारतीय माणसाला तिथे सभासद म्हणून जागा नव्हती. गोरे आणि भारतीय एकत्र बसतील असा विलिंग्डन क्लब मुंबईत 1918 मध्ये निघाला. इंदुरात 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर इंग्रजांची रेसिडेन्सी बसली आणि शहराचे दोन भाग झाले, एक होळकरांचा आणि एक रेसिडेन्सीचा. होळकरांच्या बाजूला 1934 मध्ये महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी यशवंत क्लब काढला. माणिकबाग हा राजवाडा एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराकडून आधुनिक धाटणीचा करून घेणारे हे महाराज. त्यांच्या क्लबमध्ये सुरुवातीला राजघराणे, सरदार आणि संस्थानचे अधिकारी असत. पुढे व्यापारी आणि सरकारी अधिकारी यांनाही दार उघडले. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, क्लब मात्र राहिला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की जुन्या क्लबांची रीत दरबारी काळात पडलेली आहे. तिथे पैसा लागतो, पण नुसत्या पैशाने भागत नाही. आधीच्या सभासदांना नवा माणूस पसंत पडावा लागतो.

प्रवेशाची पायरी

सभासदांच्या क्लबमध्ये अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. नाव फलकावर लागते, हरकती मागवल्या जातात, समिती भेटीला बोलावते, काही ठिकाणी पत्नी किंवा पतीसह. शेवटी मतदान. पूर्वी पेटीत पांढऱ्या-काळ्या गोळ्या टाकत आणि ठरलेल्या संख्येइतक्या काळ्या गोळ्या पडल्या की अर्ज बाद होई. कारण सांगण्याचे बंधन नसे, आणि आजही बहुतेक क्लबांच्या घटनेत ते नाही. त्यामुळे सूचक निवडताना नात्यापेक्षा त्याची क्लबमधली पत पाहावी. समितीशी भांडण असलेल्या सभासदाची सही अर्जाला तारण्याऐवजी बुडवते.

प्रतीक्षायादी हा दुसरा सापळा. दिल्ली जिमखाना क्लब 1913 चा; तिथल्या यादीत लोक दशकानुदशके थांबले. 2020 मध्ये केंद्र सरकारच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने त्या क्लबविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात धाव घेतली. अर्जदारांकडून घेऊन ठेवलेल्या पैशांचा प्रश्नही त्यात होता. 2022 मध्ये न्यायाधिकरणाने सरकारला क्लबवर 15 संचालक नेमण्याची मुभा दिली. एवढ्या नामांकित क्लबची ही गत, तर इतरत्र अर्जाबरोबर पैसे भरताना चार गोष्टी लेखी घ्याव्यात: पावती, यादीतला क्रमांक, वर्षाला साधारण किती जणांना घेतले जाते तो आकडा, आणि अर्ज नामंजूर झाला किंवा मागे घेतला तर किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल ते.

‘आतून करून देतो’ म्हणणाऱ्याला रोख रक्कम कधीही देऊ नये. क्लबच्या खात्यात न गेलेल्या पैशाला क्लब जबाबदार नसतो, आणि अशा पैशाची पावती नसल्याने पोलिसांपुढेही तक्रार लंगडी पडते. नोकरीमुळे मिळणाऱ्या कॉर्पोरेट मेंबरशिपबद्दलही गैरसमज असतो. ती बहुधा कंपनीची असते. नोकरी सुटली की कार्ड परत द्यावे लागते.

खरा खर्च

जाहिरातीत किंवा गप्पांत प्रवेश शुल्काचा आकडा येतो. तो खर्चाचा एक भाग झाला. समजा, प्रवेश शुल्क 5,00,000 रुपये आहे. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 90,000 रुपये आणखी. परत मिळणारी ठेव वेगळी असेल तर तिच्यावर कर लागत नाही. म्हणून पावतीवर शुल्क किती आणि ठेव किती हे वेगवेगळे लिहून घ्यावे. ‘एकूण 6 लाख’ अशी मोघम पावती पुढे ठेव मागताना अंगाशी येते.

नंतरचे मासिक बिल पाहावे. समजा, वर्गणी 2,000 रुपये, तिच्यावर कर 360 रुपये, आणि किमान खर्चाची अट 1,500 रुपये. किमान खर्च म्हणजे महिन्यात तेवढ्याचे खाल्ले-प्यायले नाही तरी रक्कम बिलात लागते. बऱ्याच ठिकाणी न वापरलेली रक्कम पुढच्या महिन्यात जात नाही. हे झाले महिन्याचे 3,860 आणि वर्षाचे 46,320 रुपये. कुटुंब महिन्यातून दोनदा जात असेल तर दर खेप किमान 1,930 रुपयांना पडते. पाहुण्यांचे शुल्क, पत्त्यांच्या खोलीचे टेबल-मनी, टेनिसमध्ये सोबत खेळणाऱ्या मार्करचे पैसे, लॉकर, दिवाळीची कर्मचाऱ्यांची वर्गणी आणि इमारत दुरुस्तीसाठी सर्वसाधारण सभेने बसवलेली एकरकमी वर्गणी यांची गणती वेगळी. नाकापेक्षा मोती जड होतो तो या बारीकसारीक रकमांनी.

शुल्कावर आणि वर्गणीवर लागणाऱ्या जीएसटीचे मूळही माहीत असावे. आपलेच सभासद आपल्यालाच सेवा देतात, त्यात विक्री कसली, असा क्लबांचा युक्तिवाद होता आणि कलकत्ता क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2019 रोजी तो मान्य केला. तो निकाल आधीच्या विक्रीकर आणि सेवाकराच्या कायद्यांखालचा होता. त्यानंतर 2021 च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात दुरुस्ती करून क्लब आणि सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती मानल्या, तेही 1 जुलै 2017 पासून.

नियमपुस्तिका

सभासदांच्या क्लबमध्ये प्रवेश घेणे म्हणजे त्याची घटना आणि पोटनियम मान्य करणे. म्हणून पैसे भरण्याआधी पुस्तिका मागून वाचावी. ती दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबावे. वाचताना चार कलमांवर बोट ठेवावे.

पहिले, मतदानाचा हक्क. कायम, सहयोगी, तात्पुरते, सेवेतील अधिकारी असे वर्ग असतात आणि सगळ्यांना मत नसते. दुसरे, कुटुंब. सभासदाच्या मृत्यूनंतर जोडीदाराला सवलतीत सभासदत्व मिळते का, मुले कोणत्या वयानंतर आश्रित राहत नाहीत आणि त्यांनी किती दिवसांत अर्ज करायचा, हे पाहावे. सभासदत्व वारशाने आपोआप येत नाही. मुलगा पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेलेला असतो, मुदत उलटून जाते आणि मग त्याला नव्या माणसाइतकेच शुल्क भरावे लागते.

तिसरे, पोशाख आणि पाहुणे. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांना 1988 मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबने अनवाणी आले म्हणून आत घेतले नाही. 2014 मध्ये चेन्नईत मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती डी. हरिपरंथामन यांना वेष्टी (धोतर) नेसल्यामुळे क्रिकेट संघटनेच्या क्लबच्या दारातून परतावे लागले. तामिळनाडूने त्याच वर्षी कायदा करून अशा बंदीला मनाई केली, पण तो कायदा त्या राज्यापुरता आहे. इतरत्र पाहुण्याला कोल्हापुरी चपलेवर नेण्याआधी नियम पाहून घेतलेला बरा. पाहुण्याने केलेल्या नुकसानीची आणि वर्तनाची जबाबदारी सभासदावर येते, हेही लक्षात ठेवावे.

चौथे, शिस्तभंग. बारमधली बाचाबाची, पत्त्यांवरची थकबाकी, वेटरशी उर्मट वागणे, निवडणुकीच्या काळातले व्हॉट्सअॅपवरचे आरोप यांवरून निलंबन होते. टी. पी. डावर विरुद्ध लॉज व्हिक्टोरिया या 1962 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांबाबत दंडक घालून दिला. सभासद नियमांनी बांधलेला असतो. काढून टाकताना संस्थेने नियम काटेकोर पाळले, सद्भावनेने निर्णय घेतला आणि त्याला बाजू मांडू दिली, तर न्यायालय त्यात हात घालत नाही. डावर ते अपील हरले. नोटीस आली की रागाच्या भरात उत्तर न देता आरोपांचा तपशील लेखी मागावा, मुदतीत उत्तर द्यावे आणि पोच घ्यावी.

इंदुरातील असे बरेच क्लब संस्था म्हणून नोंदलेले असतात. त्यांना मध्य प्रदेशचा 1973 चा संस्था नोंदणी कायदा लागू होतो. निवडणूक, हिशेब किंवा सर्वसाधारण सभा यांबद्दलची तक्रार फर्म्स अँड सोसायटीज रजिस्ट्रारकडे जाते. क्लब कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर वाट कंपनी कायद्याची. म्हणून नोंदणी क्रमांक आणि शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहण्याची सवय उपयोगी पडते.

मालकाचा क्लब

इथे सूचक लागत नाही, मतदान नाही, प्रतीक्षा नाही. उलट क्लबच माणसाला शोधत येतो. मॉलमध्ये कूपन भरून घेतात, दोन दिवसांनी फोन येतो: ‘आपल्याला गिफ्ट लागले आहे, नवरा-बायको दोघांनी यायचे.’ विजयनगरकडच्या एखाद्या हॉटेलच्या हॉलमध्ये गोल टेबले मांडलेली असतात, गाणी मोठ्याने लावलेली. एक हसतमुख मुलगा सुट्या कुठे घालवता, किती खर्च होतो हे विचारत कागदावर आकडे मांडतो. मधूनच कोणीतरी माइकवर ‘अमुक टेबलवरचे कुटुंब आपले नवे मेंबर’ अशी घोषणा करते आणि टाळ्या पडतात. तासाभराने मॅनेजर येतो, किंमत निम्मी करतो आणि ‘हा भाव फक्त आजच्यापुरता’ म्हणतो. कार्ड स्वाइप होते, उरलेले हप्त्यांत. करार मागून कुरिअरने येतो. त्यात तोंडी सांगितलेल्या निम्म्या गोष्टी नसतात, आणि ‘तोंडी आश्वासने कंपनीवर बंधनकारक नाहीत’ हे कलम मात्र असते.

अशा जागी पाळायचा नियम एकच: त्या दिवशी सही नाही, कार्ड नाही. करार घरी आणून वाचावा. वार्षिक देखभाल शुल्क दरवर्षी किती वाढू शकते, दिवाळी-उन्हाळ्यात आरक्षण मिळते का, हॉटेलने हात बदलले तर काय, करार रद्द करण्याची मुदत किती दिवसांची आणि परतावा किती, ही कलमे शोधावीत. नाटकांची वार्षिक मेंबरशिप घेणारा मराठी माणूस वर्षात किती नाटके, कुठे आणि कधी हे आधी विचारतो. इथेही तेच विचारायचे असते.

फसवणूक झाली तर मालकाच्या क्लबचा मेंबर हा ग्राहक असतो आणि 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, कंपनीचे ऑफिस मुंबईत असो वा गुडगावात. भरलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. 5 लाखांपर्यंत शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. एकतर्फी, अन्याय्य करार रद्द ठरवून हवा असेल तर राज्य आयोगाकडे जावे लागते. आयोगाकडे जाण्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी. काही कंपन्या तेवढ्यानेच नरमतात.

टाउनशिपचा क्लब

प्लॉटच्या माहितीपत्रकात क्लब हाउस रंगीत छापलेले असते. ते मंजूर नकाशात आहे का, हे रेराच्या संकेतस्थळावरील प्रकल्पाच्या नोंदीत तपासावे. 2016 च्या रेरा कायद्यानुसार प्रकल्पातल्या सामायिक सोयी पुढे रहिवाशांच्या संस्थेकडे जायला हव्यात. बिल्डर क्लब स्वतःकडे ठेवून बाहेरच्यांना मेंबरशिप विकणार असेल, तर ते विक्रीकरारात कुठे आणि कसे लिहिले आहे ते खरेदीआधी पाहावे. मेंबरशिपचे पैसे घेतले असतील तर क्लब कधी सुरू होणार ही तारीखही करारात हवी. खोट्या जाहिरातीवर विसंबून झालेल्या नुकसानीची भरपाई मागण्याची तरतूद याच कायद्यात आहे.

बाहेर पडताना

क्लब सोडणे नुसते जाणे बंद करून होत नाही. वर्गणी चढत राहते, मग थकबाकीदार म्हणून नाव फलकावर लागते आणि सूचकालाही ओशाळे व्हावे लागते. शहर बदलत असेल तर आधी अनुपस्थित सभासदाची सवलत मागावी. बऱ्याच क्लबमध्ये कमी वर्गणीत नाव टिकते. सोडायचेच असेल तर लेखी राजीनामा द्यावा, बाकी चुकती करावी, कार्ड परत करून पोच घ्यावी, ठेवीचा परतावा लेखी मागावा आणि बँकेत दिलेली हप्त्याची अनुमती रद्द करावी. हे शेवटचे काम क्लबवर न सोडता बँकेत स्वतः जाऊन करावे.