भूकंप थांबला, मनाचा कंप कां थांबत नाहीं?

शास्त्रपाठ : १ राजे १९ : १–१८



ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चार वाजण्याच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आतां धाराशिव) या जिल्ह्यांत मोठा भूकंप झाला. आदल्याच दिवशीं गणेशविसर्जन झालें होतें. किल्लारी व आसपासच्या गांवांतील दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदें निजलेल्या माणसांवर कोसळलीं, आणि हजारों जीव गेले. तो धक्का कांहीं क्षणांचाच होता. परंतु वांचलेल्यांपैकीं कित्येकांच्या मनांत तो दीर्घकाळ चालू राहिला. घराच्या छपराखालीं निजण्याचीही त्यांस भीति वाटे.

अशा एखाद्या विश्वासी बहिणीचें चित्र डोळ्यांपुढें आणा. रस्त्यानें मालमोटार गेली व फळीवरील भांडीं खडखडलीं, कीं तिची छाती धडधडूं लागते. पहाटे ती दचकून उठते. उपासनेस येते, पण दाराजवळच बसते. मंडळींतील कोणी तिला म्हणतो, "बाई, तुमचा विश्वास कमी आहे." त्या दिवसापासून तिला दोन दुःखें होतात : एक भीतीचें, दुसरें अपराधी ठरल्याचें. पहिलें भूकंपानें दिलें. दुसरें आपण दिलें.

ही भीति कोठून येते? देवानें आपल्या देहांत एक राखणदार ठेविला आहे. मेंदूंत खोलवर बदामाएवढा एक भाग आहे. धोका ओळखणें हें त्याचें एक मुख्य काम होय. आपण विचार करण्यापूर्वींच तो हृदयाची गति वाढवितो, अंग ताठ करितो, झोंप उडवितो. परंतु ज्या कुत्र्यानें एकदां चोर पाहिला, तो पुढें पाहुण्यावरही भुंकतो. तसेंच मोठ्या आघातानंतर हा राखणदार सारख्याच आवाजास, वासास किंवा अंधारास जुनें संकट समजतो. पूर, अपघात, घरांतील मारहाण यांनींही असेंच होतें. असा त्रास महिन्याहून अधिक टिकून झोंप व कामधंदा बिघडला, तर तो आजार असूं शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. सर्वच चिंता जुन्या आघातापासून येते असें मात्र नव्हे.

आतां एलीयाकडे पाहूं. कर्मेल डोंगरावर न डगमगलेला हा संदेष्टा ईजबेलीच्या धमकीनें रानांत पळाला व झुडुपाखालीं बसून मरण मागूं लागला. त्याचें संकट जुनें नव्हतें, समोरचें होतें. तरी भ्यालेल्या सेवकाशीं देव कसा वागला हें येथें स्पष्ट दिसतें. देवानें त्यास दोष दिला नाहीं. प्रथम झोंप दिली, मग भाकर व पाणी, आणि तेंही दोनदां. होरेबांत त्यास एकच प्रश्न दोनदां विचारिला, व त्याचें तेंच गाऱ्हाणें दोन्ही वेळां ऐकून घेतलें. तेथेंही भूकंप झाला. पण देव भूकंपांत नव्हता. नंतर मंद वाणी आली. शेवटीं देवानें त्यास काम दिलें, अलीशासारखा सोबती दिला, आणि तो एकटा नाहीं हें कळविलें.

उपदेशक बंधूंनो, यावरून आपलें कर्तव्य असें :

१. भ्यालेल्यास अविश्वासी म्हणूं नये. कांपणारें अंग म्हणजे नाकारणारें अंतःकरण नव्हे.

२. झालेला प्रसंग बळजबरीनें सांगावयास लावूं नये. तो सांगूं लागल्यास मध्येंच उपदेश न करितां ऐकावें. तेंच पुन्हां सांगितलें तरी ऐकावें.

३. भीतीची जागा कायमची टाळल्यानें भीति वाढते. सोबत घेऊन, त्याच्या संमतीनें, थोडेंथोडें त्या जागीं जावें : आज उंबरठ्यापर्यंत, कांहीं दिवसांनीं आंत.

४. कित्येक पुरुष ही भीति दारूंत बुडवूं पाहतात. त्यांस केवळ व्यसनी म्हणून सोडूं नये. भय कशाचें तें विचारावें.

५. प्रार्थना करावी, आणि वैद्याकडेही न्यावें. हिवतापास औषध घेणें जसें अविश्वासाचें नव्हे, तसेंच हें. जिल्हा रुग्णालयांत मानसिक आजाराच्या उपचाराविषयीं चौकशी करावी. २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी दूरध्वनिसेवेचा क्रमांक १४४१६ हा आहे. तेथें विनामूल्य सल्ला मिळतो. कोणी एलीयाप्रमाणें मरणाची भाषा बोलूं लागल्यास त्यास एकटें सोडूं नये, व त्याच दिवशीं मदत मिळवावी.

येत्या रविवारीं जी बहीण दाराजवळ बसेल, तिला आंत ओढूं नका. तिच्याजवळ दाराशींच जाऊन बसा. दाराशीं बसलेल्यासही प्रभु आपलेंच म्हणतो.

विचारार्थ प्रश्न : (१) देवानें एलीयास बोध करण्यापूर्वीं काय दिलें? (२) आपल्या मंडळींत अशा कोणाचें गाऱ्हाणें आपण पुरतें ऐकलें नाहीं?