सासूबाईंचे पायमशीन मोडीत द्यावे काय?

प्रश्न : घरी सासूबाईंच्या वेळचे काळे पायमशीन आहे. हल्ली कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचे झुबके येतात. ते मोडीत देऊन विजेचे नवे घ्यावे काय? – एक भगिनी, सातारा

उत्तर : आपण वर्णिलेला दोष यंत्राच्या वार्धक्याचा नव्हे. झुबके खाली दिसतात म्हणून संशय स्वाभाविकपणे बॉबिनवर जातो. परंतु वरचा दोरा ताणाच्या तबकड्यांत नीट बसला नसेल, तर तोच सैल सुटून कापडाखाली गोळा होतो, हे पुष्कळ अनुभवी गृहिणींच्याही ध्यानात येत नाही. यास्तव प्रेसर फूट वर उचलून, म्हणजे तबकड्या मोकळ्या असताना, दोरा आरंभापासून पुन्हा ओवावा, सुई बदलावी, शटलभोवतीचा कचरा ब्रशने काढावा, आणि मशीनचेच पातळ तेल थेंबाथेंबाने सोडावे. खोबरेल मात्र कदापि घालू नये. ते चिकटून यंत्र जड होते. मलमलीस ११ नंबरची सुई, साध्या सुती कापडास १४, जाड कापडास १६ किंवा १८.

परकर, उशांचे अभ्रे, पडदे एवढीच आपली गरज असेल, तर सरळ टाक्याचे हे बिडाचे यंत्र सर्वथा पुरेसे आहे. होजिअरीचे ताणले जाणारे कापड शिवायचे असेल वा काजे करायची असतील, तरच झिगझॅग टाक्याचे विजेचे मशीन घ्यावे. तेही गावात दुरुस्तीची सोय आहे ना, याची खातरजमा करून आणि घरचे कापड दुकानात नेऊन, स्वतः शिवून पाहिल्यावर. जुने मात्र मोडीत देऊ नका, ही आग्रहाची विनंती.